रिमेक की मूळ गेम? आधी चित्रांखाली काय चालतंय ते बघा

रेसिडेंट ईव्हिल २ या एकाच नावाचे झॉम्बींचे दोन गेम आहेत. एक १९९८चा, दुसरा २०१९चा. पोलीस ठाणं तेच, लिऑन आणि क्लेअर ही पात्रं तीच, उद्ध्वस्त शहरही तेच. तरी एकात मुरलेला खेळाडू दुसऱ्यात पहिल्या अर्ध्या तासातच मार खातो. ‘नवा आलाय, आता जुना कशाला’ हे उत्तर इथे लागू पडत नाही. ‘जुन्याची सर नव्याला नाही’ हेही सरसकट खरं नाही, कारण काही नव्या आवृत्त्या जुन्या गेमला खरोखर निवृत्त करतात. कोणती करते आणि कोणती नाही, हे ट्रेलरमधल्या चित्रांवरून कळत नाही. त्या चित्रांखाली कोड कुठला चालतोय त्यावरून कळतं.

एका बटणाची परीक्षा

खेळता खेळता एक बटण दाबून जुनी चित्रं परत आणता येतात का, हे सगळ्यात आधी बघावं. हेलो: कॉम्बॅट इव्हॉल्व्ड ॲनिव्हर्सरी (२०११), डायब्लो २: रिझरेक्टेड (२०२१) आणि टूम रेडरच्या पहिल्या तीन भागांचा २०२४चा संच, या तिन्हींत ती सोय आहे. डायब्लोत पीसीवर ‘जी’ दाबलं की आहात तिथेच, त्याच राक्षसासमोर, २००० सालचा गेम उभा राहतो. हे जमतं कारण आतला हिशोब जुनाच आहे. फटका लागला की हुकला, हे आजही सेकंदाला २५ वेळाच मोजलं जातं आणि नवी चित्रं त्यावर चढवलेली आहेत. एकट्याने खेळलेल्या जुन्या डायब्लो २च्या सेव्ह फाइलसुद्धा नव्याच्या फोल्डरमध्ये टाकल्या की चालतात.

अशा वेळी डोळे मिटून नवी आवृत्ती घ्यावी. फक्त दोन ठिकाणी खटकतं. हेलोमध्ये भिंती-खडकांची आदळण्याची हद्द २००१चीच राहिली आणि चित्रं तेवढी बदलली, त्यामुळे कधी कधी गोळी समोरच्या मोकळ्या हवेत अडते. शिवाय मुद्दाम अंधारी ठेवलेली ठिकाणं नव्या चित्रांत उजळून निघाली आणि टॉर्चचं कामच संपलं. अशा जागी बटण दाबून जुन्या चित्रांत खेळलेलं बरं. डायब्लोचं प्रकरण वेगळं: मूळ गेममध्ये दोन संगणक थेट एकमेकांना जोडून, कंपनीच्या सर्व्हरशिवाय खेळता यायचं. ती सोय नव्यात काढून टाकली आहे. मित्रांसोबत घरच्या नेटवर्कवर खेळायचं असेल तर जुनाच लागेल.

बटण नसेल तर: रेसिडेंट ईव्हिल २ जवळून

| | १९९८ | २०१९ |
|---|---|---|
| कॅमेरा | प्रत्येक जागी ठरलेल्या कोनात | खांद्यामागून, हवा तिकडे फिरतो |
| चालणं | पात्राचं तोंड जिकडे, तिकडे ‘पुढे’ | स्टिक जिकडे, तिकडे |
| दार | उघडण्याचं छोटं दृश्य, मग नवी खोली | सलग; झॉम्बी दार ढकलून मागे येतात |
| सेव्ह | दर वेळी शाईची एक रिबन खर्च | रिबन फक्त ‘हार्डकोअर’ या कठीण पातळीत |
| मिस्टर एक्स (पाठलाग करणारा राक्षस) | फक्त दुसऱ्या फेरीत (एका पात्राने गेम संपवून दुसऱ्याने खेळताना), ठरल्या ठिकाणी | दोन्ही फेऱ्यांत, ठाणं पालथं घालतो |

तक्त्यातली प्रत्येक ओळ दुसऱ्या ओळीला बांधलेली आहे. जुन्या गेमची पार्श्वभूमी म्हणजे आधीच काढून ठेवलेली स्थिर चित्रं. म्हणून कॅमेरा हलत नाही. दोन पावलं टाकली की कोन बदलतो. अशा वेळी ‘स्टिक जिकडे तिकडे’ असं नियंत्रण ठेवलं तर कोन बदलताच पात्र गर्रकन उलटं फिरून झॉम्बीच्या मिठीत जाईल. म्हणून ते रणगाड्यासारखं वळणं. लोक त्याला जुन्या काळचा गबाळेपणा समजतात, पण या कॅमेऱ्याशी पटणारं नियंत्रण तेच आहे. पहिल्या रेसिडेंट ईव्हिलच्या २०१५च्या एचडी आवृत्तीत स्थिर कॅमेरा ठेवून नवं नियंत्रण दिलं, तेव्हा झॉम्बीला वळसा घालणं एकदम सोपं झालं आणि धाक कमी झाला.

भीती कुठून येते तेही यातच आहे. ठाण्यातल्या त्या बोळात पहिल्यांदा शिरता तेव्हा खिडकीबाहेरून काहीतरी झर्रकन सरकतं. पुढच्या बोळात छतावरून रक्त ठिबकतंय. छतावर काय आहे ते बघायला कॅमेरा वर करावा म्हटलं तर तो तुमच्या हातात नाही. दिसत नाही पण ऐकू येतं, एवढ्यावर जुना गेम घाबरवतो. नव्यात कॅमेरा तुमच्या ताब्यात, म्हणून भीतीसाठी दुसरी युक्ती शोधावी लागली: मिस्टर एक्सच्या बुटांचा आवाज. तो वरच्या मजल्यावर आहे की शेजारच्या खोलीत, हे कानांनी ओळखत कुलपं उघडायची. युक्ती अव्वल आहे. पण ती २०१९ची, १९९८ची नव्हे.

रिमेकने गमावलं ते मात्र स्पष्ट सांगायला हवं. मूळ गेममध्ये एकाची पहिली फेरी आणि दुसऱ्याची दुसरी फेरी खरोखर एकमेकांत अडकलेली होती. पहिल्या फेरीत शस्त्रांच्या खोलीतली मशीनगन किंवा जास्तीचं सामान मावणारी पिशवी उचलली, तर दुसऱ्याला ती जागा रिकामी मिळते. नव्यात हे जवळपास गेलंच. लिऑन आणि क्लेअर दोघंही तीच कोडी सोडवतात आणि त्याच राक्षसांना मारतात, जणू दुसरा तिथे नव्हताच. दोन डिस्कवर दोन पात्रं वाटण्याचा सगळा खटाटोप ज्यासाठी होता, तेच सुटलं. महाकाय कोळीही गेले. त्यांचं दुःख करणारे थोडेच.

तेव्हा इथे एक दुसऱ्याची जागा घेत नाही. एकच घ्यायचा असेल आणि स्थिर कॅमेऱ्याची सवय नसेल तर २०१९चा घ्या.

कथा बदलली असेल तर क्रम महत्त्वाचा

फायनल फँटसी ७ हा १९९७चा गेम तीन डिस्कवर होता. त्यातलं मिडगार शहर सहा-सात तासांत मागे पडतं. २०२०चा रिमेक त्या एकाच शहरात सुमारे ३५ तास घालवतो. २०२४चा रीबर्थ त्याच्या पुढचा, आणि हे दोन्ही पार केले तरी मूळ कथा संपत नाही. पण लांबी हा अडथळा नाही. रिमेकमध्ये काही भुतासारख्या आकृत्या वारंवार आडव्या येतात आणि घटना ‘ठरल्याप्रमाणे’ घडाव्यात म्हणून पात्रांना रोखतात. काय ठरलं होतं, हे मूळ गेम खेळलेल्यालाच माहीत. दुसऱ्याला हे उगाच घुसडलेलं वाटतं. म्हणजे हा रिमेक मूळ गेमची जागा घ्यायला आलेला नाही, तो मूळ गेम माहीत आहे असं धरूनच चालतो. आधी १९९७चा खेळा. त्याच्या सध्याच्या कन्सोल आवृत्त्यांत तिप्पट वेग आणि वाटेतल्या लढाया बंद करण्याची सोय आहे, त्यामुळे वेळेचं कारण फारसं टिकत नाही.

जिथे नवंच सरस

लिंक्स अवेकनिंग (१९९३) गेम बॉयवर होता आणि त्या यंत्राला वस्तू वापरायला बटणं दोनच: ए आणि बी. तलवार, ढाल, उडीचं पीस, दगड उचलायचं कडं, सगळं त्या दोन बटणांवर आलटून पालटून बसवायचं. कडं बटणावर नसताना दगडाला नुसता धक्का लागला तरी ‘हे जड आहे’ छापाची सूचना दर वेळी उघडते. २०१९च्या स्विच आवृत्तीत तलवार, ढाल आणि कडं कायमचे हाताशी. नकाशा मात्र चौकोन न् चौकोन तोच. १९९८च्या रंगीत आवृत्तीतलं फोटोचं दुकान गेलं आणि स्विचवर अधूनमधून फ्रेम अडखळतात, एवढाच तोटा. नवा घ्यावा.

डीमन्स सोल्सचा निर्णय त्याहून सोपा, पण कारण वेगळं. २००९चा मूळ गेम फक्त प्लेस्टेशन ३वर आहे. अनोळखी खेळाडू कुठे, कसे मेले ते दाखवणारे रक्ताचे डाग आणि जमिनीवरचे संदेश हा त्या गेमचा जीव, आणि ते आणणारे सर्व्हर फेब्रुवारी २०१८मध्ये बंद झाले. डिस्क शाबूत आहे, गेम अर्धा गेला. २०२०च्या रिमेकमध्ये संगीत आणि काही राक्षसांचे चेहरे बदलले आहेत आणि ते सगळ्यांना रुचलेले नाहीत, पण शत्रूंच्या चाली ओळखीच्या आहेत आणि ते डाग परत आले आहेत.

धुकं पुसलं की काय दिसतं

जुन्या यंत्रांची ताकद कमी, म्हणून लांबचं झाकायला धुकं घालत. सायलेंट हिल २ (२००१) मध्ये तेच धुकं गेमचा प्राण झालं. २०१२च्या एचडी संचासाठी निर्मात्यांना अंतिम कोड मिळालाच नाही, अर्धवट कोडवर काम झालं आणि धुकं विरळ झाल्याने जे दिसायला नको ते दिसू लागलं. तो संच टाळा. २०२४चा रिमेक मात्र पहिल्यापासून नवा बांधलेला आहे, धुक्याचं मोल ओळखणारा आहे, आणि मूळ गेमच्या जवळपास दुप्पट लांब. ही लांबी मला थोडी जास्त वाटते. मूळचे आठेक तास एका दमात सोसवतात.

जीटीए मालिकेतल्या सॅन अँड्रियासचं तसंच. २०२१च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’मध्ये सुरुवातीला दूरचं धुरकट आवरण काढून टाकलं आणि विमानातून बघितलं की अख्खं ‘राज्य’ एखाद्या अंगणाएवढं निघालं. मूळ गेम ते अंतर डोळ्यांत भरवत होता. चित्रं यंत्राकडून गुळगुळीत करून घेताना डोनटच्या दुकानावरचा षटकोनी नट गोल झाला; दुकानाच्या नावात ‘नट’ होता, तो विनोदच यंत्राने घासून टाकला. नट नंतर दुरुस्त झाला आणि जुन्यासारखा प्रकाश २०२४च्या अपडेटमध्ये आला. त्यामुळे आज घेणाऱ्याला २०२१ची समीक्षा वाचून ठरवता येणार नाही.

जागा घेणं आणि जागा बळकावणं

जानेवारी २०२०मध्ये वॉरक्राफ्ट ३: रिफॉर्ज्ड आला तेव्हा जुन्या गेमच्या मालकांनाही ऑनलाइन खेळायला नवाच क्लायंट (गेम चालवणारा प्रोग्राम) घ्यावा लागला, आणि त्यात क्रमवारी, क्लॅन (खेळाडूंचे गट), खेळाडूंनी रचलेल्या मोहिमा सुरुवातीला नव्हत्याच. ज्याने रिमेक विकत घेतला नाही त्याचाही गेम बदलला. जीटीएचे तीन जुने भाग २०२१मध्ये नव्या संचाच्या तोंडावर डिजिटल दुकानांतून काढले होते. ओरड झाल्यावर पीसीवर परत आले. वॉरक्राफ्ट १ आणि २ डिसेंबर २०२४मध्ये जीओजी या ऑनलाइन दुकानावरून उतरले, रिमास्टर (जुन्याच गेमची नव्या चित्रांची आवृत्ती) आल्यानंतर महिनाभरात. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३च्या अभ्यासानुसार २०१०पूर्वी अमेरिकेत आलेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात उपलब्ध नाहीत. म्हणून रिमेकची घोषणा झाली की मूळ गेम आधी घेऊन ठेवावा. याउलट २००४च्या मेट्रॉइड: झीरो मिशनने गेम संपवणाऱ्याला मूळ मेट्रॉइड आतच बक्षीस दिला होता. इतकं साधं करता येतं.

मूळ गेम चालवताना कुठे अडतं

जुन्या पीसी डिस्कवर सेफडिस्क नावाचं, नक्कल रोखणारं संरक्षण असेल तर विंडोज १०वर गेम उघडणारच नाही; डिस्कमध्ये दोष शोधत बसू नका. सायलेंट हिल २ची जुनी पीसी आवृत्ती एकापेक्षा जास्त कोअरच्या प्रोसेसरवर आवाजाचा एकच तुकडा घोकत अडकते. टास्क मॅनेजरमध्ये तिला एका कोअरवर बांधावं, किंवा चाहत्यांनी बनवलेला मोफत ‘एन्हान्स्ड एडिशन’ बसवावा. तो हे आणि बरंच काही दुरुस्त करतो, फक्त मूळ फाइल तुमच्याकडे हव्यात. सॅन अँड्रियासच्या पीसी आवृत्तीत फ्रेमची मर्यादा (सेकंदाला किती चित्रं दाखवायची) चालूच ठेवा, काढली की पोहणं मंदावतं. तिच्या स्टीम (ऑनलाइन दुकान) आवृत्तीतली काही गाणी परवाने संपल्याने २०१४मध्ये गेली, तेव्हा ‘मूळ’ लिहिलंय म्हणजे पूर्ण मूळ, असंही नाही.

कन्सोलवर ५० हर्ट्झची युरोपीय आवृत्ती टाळा. पुरेसा फेरफार न करता विकलेले गेम तिच्यात सुमारे १७ टक्के सावकाश चालतात. जुने गेम भरून विकलेल्या २०१८च्या प्लेस्टेशन क्लासिक या छोट्या कन्सोलमध्येही २०पैकी ९ गेम याच प्रकारचे निघाले. जुन्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह टिकवायला छोटा नाण्याच्या आकाराचा सेल असतो. तो काढला की सेव्ह पुसलं जातं, म्हणून आधी प्रत काढून मगच सेल बदला. हातात खेळण्यातली बंदूक धरून स्क्रीनवर नेम धरायचे जुने गेम सपाट स्क्रीनवर चालत नाहीत, कारण ती बंदूक जुन्या टीव्हीतल्या किरणाची वेळ मोजते. त्यांना पिक्चर ट्यूबचा टीव्हीच लागतो.

रेसिडेंट ईव्हिलचे १९९०च्या दशकातले तीन भाग २०२४पासून जीओजीवर नव्या विंडोजवर चालतील असे मिळतात, आणि तिथे ३० दिवसांत पैसे परत मागता येतात. स्टीमवर ही मुदत १४ दिवस, तीही दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच. दुसरा भाग पारखायला तेवढं पुरेसं आहे: बंदुकीचं दुकान, बस, मग ठाणं आणि तो ठिबकणारा बोळ. तिथवर पोचूनही बोटं वळत नसतील तर पैसे परत घ्या आणि २०१९चा घ्या.