पायथन आणि सीच्या जोडकामात प्रोग्राम कोसळतोय: व्हॅलग्रिंड लावावं की ॲड्रेस सॅनिटायझर?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पट्टी पायथनमध्ये करायची आणि भुईकाट्याचं वजन सीच्या लायब्ररीतून सीटाइप्सने (पायथनमधून सीची फंक्शनं बोलावण्याची सोय) घ्यायचं, असं काम ज्याच्या गळ्यात पडलंय त्याला हे दुखणं माहीत असतं. ऐन सौद्याच्या वेळी 'सेगमेंटेशन फॉल्ट' (नको त्या मेमरीला हात लावल्याची चूक) एवढं छापून प्रोग्राम आडवा होतो. ट्रेसबॅक (कोणत्या ओळीवर चुकलं त्याचा माग) नाही, काही नाही.

साधन निवडण्याआधी दोन गोष्टी बघा. पायथन ३.३ पासून आलेलं फॉल्टहँडलर चालू करा, म्हणजे कोसळताना निदान पायथनची कोणती ओळ चालू होती ते कळतं. मग रेसटाइप, म्हणजे सीचं फंक्शन कोणत्या प्रकारचं उत्तर देतं हे सीटाइप्सला सांगणारी नोंद, तपासा. फंक्शन उत्तरात पॉइंटर (मेमरीतला पत्ता) देत असेल आणि तुम्ही रेसटाइप लिहिला नसेल, तर सीटाइप्स त्याला इंट समजतं. ६४ बिटांचा पत्ता ३२ बिटांत कापला जातो. मी तर आधी हेच बघतो, बाकी सगळं नंतर.

एवढ्यानं भागलं नाही, तर खरा प्रश्न येतो: मेमरीच्या चुका पकडणाऱ्या दोन साधनांपैकी कोणतं लावायचं? माझं मत सरळ आहे: लायब्ररीचा सोर्स हातात असेल तर ॲड्रेस सॅनिटायझर, नसेल तर व्हॅलग्रिंड.

एक उदाहरण घ्या. एमएच १० चा गाडी नंबर, मोकळ्या जागा सोडून, दहा अक्षरांचा. सीमध्ये कुणीतरी दहाच बाइट मागितले. मजकूर संपल्याची खूण म्हणून सी जो शून्य शेवटी ठेवतं, त्याला जागाच नाही. मॅलॉकने (सीमध्ये मेमरी मागून घेण्याचं फंक्शन) घेतलेली जागा असेल तर ६४ बिटी लिनक्सवर ग्लिबसी (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) दहा मागितल्यावर चोवीस बाइट देतं, त्यामुळे चूक महिनोन्‌महिने खपून जाते. ही चूक दोन्ही साधनं पकडतात. पण तोच दहा बाइटचा ॲरे फंक्शनच्या आत, स्टॅकवर (फंक्शन चालू असेपर्यंतच्या तात्पुरत्या मेमरीत) असेल तर व्हॅलग्रिंडच्या नजरेतून सहसा सुटतो. सॅनिटायझर ओळ क्रमांकासकट दाखवतो.

उलट बाजूही आहे. काट्याकडून उत्तर आलं नाही आणि वजनाच्या व्हेरिएबलमध्ये काही भरलंच गेलं नाही, तर सॅनिटायझर गप्प बसतो. व्हॅलग्रिंड मात्र हा कोरा आकडा वापरला गेल्याचं सांगतं. प्रोग्राम न कोसळता पट्टीवर भलतंच वजन छापलं जाणं शेतकऱ्याला जास्त महागात पडतं, त्यामुळे हा मुद्दा मी हलका धरत नाही.

वेगात मोठी तफावत आहे. सॅनिटायझरने काम साधारण दुप्पट वेळ घेतं, व्हॅलग्रिंडने दहा ते तीस पट. काटा जोडलेल्या सिरीयल पोर्टचा टाइमआउट (उत्तराची वाट बघायची मुदत) तेवढ्यात संपतो आणि नसलेलीच चूक दिसू लागते. म्हणून व्हॅलग्रिंड चालत्या काट्यावर नको. काट्याकडून आलेला डेटा फाइलमध्ये साठवून त्यावर चालवा.

सॅनिटायझरची कटकट वेगळी. लायब्ररी पुन्हा कंपाइल करावी लागते, आणि पायथन स्वतः तसं बांधलेलं नसल्यामुळे सॅनिटायझरची रनटाइम लायब्ररी एलडी-प्रीलोड या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने आधी चढवावी लागते. पायथनच्या स्वतःच्या लीकची (घेऊन परत न केलेल्या मेमरीची) यादी नको असेल तर लीक तपासणी बंद ठेवा. साधन कोणतंही घ्या, पायथनमॅलॉक हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'मॅलॉक'वर ठेवायला विसरू नका. ५१२ बाइटपर्यंतच्या वस्तू पायथन आपल्या खास साठ्यातून देतं. तो साठा या दोघांनाही नीट दिसत नाही.

बऱ्याच दुकानांत विंडोज असतं. तिथे व्हॅलग्रिंड चालत नाही. सोर्स असेल तर व्हिज्युअल स्टुडिओ २०१९ च्या १६.९ आवृत्तीपासून सॅनिटायझर मिळतो. काटेवाल्यानं नुसती डीएलएल (विंडोजची तयार लायब्ररी फाइल) दिली असेल तर पेज हीप, म्हणजे विंडोजची मेमरीच्या चुका पकडायची सोय, चालू करा.

आणि पायथनऐवजी जावा असेल तर दोन्ही बाजूला ठेवा. जेव्हीएम (जावा प्रोग्राम चालवणारं यंत्र) स्वतःच्या कामासाठीही सेगफॉल्टचा सिग्नल वापरतं, त्यामुळे या साधनांच्या रिपोर्टात फुकटचा गोंगाट होतो. तिथे आधी एक्सचेक-जेएनआय (जावा आणि सीचा जोड तपासणारा जेव्हीएमचा पर्याय) लावा आणि कोसळल्यावर उरलेली एचएस-एर फाइल, म्हणजे जेव्हीएमचा अपघात अहवाल, वाचा.