ड्राफ्टमधून टीम उभी करायचीये? फिलीची वाट, ओकेसीची की डेट्रॉइटची

एनबीए टूके या बास्केटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये मायएनबीए, म्हणजे टीम चालवायचा मोड लावून तळातली टीम घेतली की गाडी पहिल्यांदा इथेच अडते. जो एक बरा प्लेयर आहे तो विकून दोन-तीन सीझन मुद्दाम मार खायचा आणि ड्राफ्टमधले वरचे पिक, म्हणजे नवी पोरं आधी निवडायचे हक्क, गोळा करायचे, का आहेत त्या पोरांना धरून हळूहळू वर यायचं? टीम उभी करणाऱ्या खऱ्या जीएमपुढे (जनरल मॅनेजर) पण हाच पेच असतो, फक्त त्यांना सेव्ह केलेली गेम परत लोड करता येत नाही. तर फिलाडेल्फिया (फिली), ओक्लाहोमा सिटी (ओकेसी) आणि डेट्रॉइट या तीन टीम शेजारी शेजारी ठेवून बघू, तिघींनी ड्राफ्टवरच भिस्त ठेवली, तिघींनी भरपूर मार खाल्ला आणि पोचल्या मात्र तीन वेगळ्या ठिकाणी.

ज्यांचा सगळा हिशोब आयपीएलचा आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. आपल्याकडे शेवटी आलात म्हणून ऑक्शनमध्ये कोणी जास्तीचं काही देत नाही. एनबीएत उलटं आहे, कॉलेजमधून किंवा बाहेरच्या देशातून येणाऱ्या नव्या पोरांना निवडायचा पहिला हक्क हरणाऱ्यांचा. प्लेऑफ न गाठलेल्या 14 टीमची लॉटरी होते, मशिनमध्ये 1 ते 14 नंबरचे पिंगपाँगचे बॉल फिरतात, त्यातले चार बाहेर येतात आणि ज्या टीमकडे ते कॉम्बिनेशन त्यांचा पिक. आणि फर्स्ट राऊंडमधल्या रुकीचा, म्हणजे नव्या पोराचा पगार नियमाने बांधलेला असतो, चार वर्षं, त्यातली शेवटची दोन ठेवायची की नाही ते टीमच्या हातात. म्हणजे पोरगा स्टार निघाला तर चार वर्षं स्टार स्वस्तात. मोठे फ्री एजंट, म्हणजे करार संपून मोकळे झालेले प्लेयर, लॉस एंजेलिस-मायामी सोडून ओक्लाहोमाला कशाला येतील, म्हणून छोट्या शहरांना ड्राफ्टशिवाय दुसरा दरवाजाच नाही.

आता फिली. 2013 च्या मे महिन्यात सॅम हिंकी जीएम झाला आणि ड्राफ्टच्या रात्रीच त्याने ऑलस्टार जरू हॉलिडे न्यू ऑर्लिन्सला देऊन टाकला, बदल्यात गुडघा गेलेला नर्लेन्स नोएल आणि पुढच्या वर्षीचा एक फर्स्ट राऊंड पिक. नोएल पूर्ण सीझन बसून. 2014 ला तिसऱ्या नंबरवर जोएल एम्बीड, त्याच्या पायाला फ्रॅक्चर, तो दोन पूर्ण सीझन बसून. 2015 ला परत तिसरा नंबर आणि परत सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच प्लेयर), जलील ओकाफोर. तीन वर्षांत तीन सेंटर, आणि त्यांना बॉल नीट आणून द्यायला गार्ड म्हणून जो रुकी ऑफ द इयर झाला होता, मायकल कार्टर-विल्यम्स, तो पण 2015 च्या फेब्रुवारीत विकला कारण बदल्यात अजून एक पिक मिळत होता! ओळीने तीन सीझन बघा, 19 विजय, 18 विजय, 10 विजय. 246 मॅचमध्ये 199 हरले. आपल्याकडे या मॅच पहाटे लागतात हो, 10-72 वाल्या (10 विजय, 72 हार) टीमसाठी गजर लावून उठणारा माणूस काय मनाचा असेल विचार करा.

कागदावर हिंकी चुकीचा नव्हता हे मात्र म्हणायलाच पाहिजे. तेव्हा सगळ्यात खराब टीमला पहिल्या पिकची 25 टक्के संधी असायची, त्यामुळे जितकं हराल तितकं फळ हे गणित खरंच होतं. 2016 च्या एप्रिलमध्ये तो 13 पानी पत्र लिहून गेला आणि लगेच जूनमध्ये टीमला पहिला नंबर मिळाला, बेन सिमन्स. 2017-18 ला 52 विजय. एम्बीड तर 2023 ला एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम प्लेयर झाला. म्हणजे प्लेयर मिळाले, प्रश्न प्लेयरचा नव्हताच.

प्रश्न घाईचा होता. आधी पाच वर्षं थांबा म्हणायचं आणि मग अचानक सगळं आत्ताच पाहिजे. 2017 ला हिंकीनंतरच्या मंडळींनी बोस्टनला तिसरा पिक प्लस पुढचा एक फर्स्ट राऊंड पिक देऊन पहिला नंबर घेतला आणि मार्केल फुल्ट्झ निवडला, बोस्टनने त्याच तिसऱ्या नंबरवर जेसन टेटम उचलला. बास, अजून काय बोलायचं. मग सॅरिच, कव्हिंग्टन देऊन जिमी बटलर आणला, तो एका सीझनमध्ये निघून गेला. 2019 ची टोरोंटोविरुद्धची सातवी मॅच आठवतीये ना, 90-90, कोपऱ्यातून कवाय लेनर्डचा शॉट, अंगावर एम्बीड पूर्ण हात ताणून, बॉल रिंगवर चार टप्पे खाऊन आत. त्या चार टप्प्यांवर फिलीवाले अजून रडतात, पण 2025 पर्यंतचा हिशोब एवढाच आहे की एवढं सगळं करून ही टीम प्लेऑफच्या दुसऱ्या राऊंडच्या पुढे एकदाही गेली नाही.

ओकेसीची गोष्ट वरवर सारखी वाटते पण आतून फार वेगळी आहे. त्यांचा जीएम सॅम प्रेस्टीने हे एकदा आधी केलेलं होतं, 2007 ला ड्युरंट दुसरा, 2008 ला वेस्टब्रुक चौथा, 2009 ला हार्डन तिसरा, आणि 2012 ला फायनल. मग हार्डन गेला, ड्युरंट गेला. 2019 च्या जुलैत त्यांच्या पॉल जॉर्जने ट्रेड मागितला तेव्हा लॉस एंजेलिसची क्लिपर्स घायकुतीला आली होती कारण जॉर्ज आला तरच कवाय येणार होता, आणि प्रेस्टीने त्यांचा खिसा पूर्ण उलटा केला. शे गिल्जस-अलेक्झांडर, गॅलिनारी, पाच फर्स्ट राऊंड पिक आणि वर दोनदा पिकची अदलाबदल करायचा हक्क. काही दिवसांत वेस्टब्रुक पण ह्यूस्टनला, बदल्यात क्रिस पॉल आणि अजून पिक. पुढच्याच सीझनला क्रिस पॉलला घेऊन टीम प्लेऑफला गेली, म्हणजे मोडतोड करताना पण लगेच गाळात जायची घाई नाही.

हरले ते पण हरले, ओकेसी सोवळी आहे असं अजिबात नाही. 22-50, मग 24-58, डिसेंबर 2021 मध्ये मेम्फिसकडून 152-79 असा 73 पॉइंटचा मार, तो एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा फरक आहे. 2021 च्या मार्चमध्ये अल हॉरफर्डसारख्या धडधाकट माणसाला उरलेल्या सीझनसाठी सरळ बसवला. पण दोन सीझन, संपलं. आणि मुख्य म्हणजे त्यांचा सगळा खेळ स्वतःच्या हरण्यावर नव्हता, दुसरे कधी हरतील त्यावर पण होता. 2022 चा ड्राफ्ट घ्या. स्वतः हरून दुसरा नंबर मिळाला, त्यात चेट होमग्रेन. आणि क्लिपर्स त्या वर्षी 42-40 वर अडकून प्ले-इनमध्ये (प्लेऑफच्या आधीची पात्रता फेरी) बाहेर पडली तर तिचा बारावा पिक ओकेसीकडे, त्यात जेलन विल्यम्स, ज्याने पुढे 2025 च्या फायनलच्या पाचव्या मॅचमध्ये 40 पॉइंट मारले. या बाराव्या पिकसाठी ओकेसीला एक मॅच पण हरावी लागली नाही.

बाकीची भरती बघा म्हणजे कळेल. लू डॉर्ट ड्राफ्टच झाला नव्हता. एरन विगिन्स 55 वा. आयझेया जो तर फिलीनेच 2022 च्या ऑक्टोबरमध्ये काढून टाकलेला, ओकेसीने उचलला आणि तीन पॉइंटचा शूटर म्हणून कामाला लावला! आणि सहाव्या नंबरवर घेतलेला जॉश गिडी या टीममध्ये बसत नाही दिसल्यावर 2024 ला त्याला देऊन ॲलेक्स कारुसो आणला, शिवाय हार्टनस्टाइन फ्री एजंट म्हणून. स्वतःच्या पिकच्या प्रेमात पडायचं नाही ही गोष्ट बोलायला सोपी आहे. पुढे 68-14, आणि जून 2025 मध्ये इंडियानाला सात मॅचमध्ये हरवून चॅम्पियन.

डेट्रॉइट मुद्दाम घेतलीये, कारण बऱ्याच जणांची टीम खरं तर हिच्यासारखी असते, विकायला मोठा स्टार नाही आणि नशीब पण नाही. 2021 ला पहिला नंबर मिळाला, केड कनिंगहॅम. पण 2023 ला लीगमध्ये सगळ्यात खाली राहून पाचवा पिक, 2024 ला 14-68 करून, एका सीझनमध्ये सलग 28 हरण्याचा रेकॉर्ड करून, परत पाचवा. कारण 2019 पासून लॉटरी बदलली, तळातल्या तिन्ही टीमना सारखेच 14 टक्के आणि सगळ्यात खालची टीम पाचवीपर्यंत घसरू शकते. 2019 ते 2025 एकदाही तळाच्या टीमला पहिला पिक लागलेला नाही. 2024 ला अटलांटा 3 टक्क्यांवर जिंकली, 2025 ला डॅलस 1.8 टक्क्यांवर, कूपर फ्लॅग तिकडे. आणि त्या वर्षी 17-65 करून बसलेली युटा? पाचवी. हिंकीचं गणित आता चालत नाही ते यामुळे, आणि टूकेमध्ये हल्लीचे नियम चालू असतील तर तुमचं पण चालणार नाही.

मग डेट्रॉइटने काय केलं तर अगदी बोअर काम. कोच बदलला, टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर असले अनुभवी शूटर आणले जेणेकरून केडला बॉल घेऊन आत घुसायला जागा मिळेल. नवीन सुपरस्टार एक पण नाही. 2024-25 ला 14 वरून 44 विजय. प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क निक्सकडून सहा मॅचमध्ये हरले, ठीक आहे. पण म्हणजे ती पोरं आधीपासून बरी होती, भोवती मोठी माणसं नव्हती इतकंच. फिलीने नेमकं हेच तीन वर्षं टाळलं, कारण मोठी माणसं आली की चुकून मॅच जिंकतात ना.

आता ठरवायचं कसं. मी पहिलं एकच बघेन, विकायला काय आहे. 27-29 वयाचा खरा स्टार असेल आणि समोर एखादी म्हातारी होत चाललेली, आत्ताच जिंकायला उतावीळ टीम असेल तर डोळे झाकून ओकेसी. पण आजचे पिक मागू नका, त्यांचे चार-सहा वर्षांनंतरचे मागा, तेव्हा ते म्हातारे झालेले असतील. ओकेसी चॅम्पियन झाली तेव्हा सुद्धा क्लिपर्सचा 2026 चा पिक द्यायचा बाकीच होता. स्टार नसेल तर ओकेसीची नक्कल करायला जाऊ नका, तो धंदा भांडवलाशिवाय होत नाही, तेव्हा डेट्रॉइट.

फिलीची वाट मी आज कोणालाच सांगणार नाही. पुढच्या ड्राफ्टमध्ये वेम्बान्यामासारखा हमखास स्टार होणारा पोरगा येणार असेल तर एक सीझन ठीक, सॅन अँटोनिओने 22-60 करून 2023 ला तो मिळवलाच, पण त्यांच्याकडे पण संधी 14 टक्केच होती हे विसरू नका.

पैशाचं घड्याळ पण बघून ठेवा. ओकेसीच्या शे गिल्जस-अलेक्झांडरने 2025 च्या जुलैत चार वर्षांचं 285 मिलियन डॉलरचं एक्स्टेन्शन केलं, चेट आणि जेलन विल्यम्सचं पण त्याच महिन्यात झालं, म्हणजे स्वस्तातली वर्षं संपली, आता पगाराच्या मर्यादेत बेंच टिकवणं हा प्रेस्टीचा नवा डोक्याला ताप. त्यामुळे तीन पोरं एकाच वर्षी ड्राफ्ट केलीत तर तिघांची बिलं एकाच वर्षी येणार. पिक असतील तर एखादा पुढच्या वर्षावर ढकला, आणि दुसऱ्या वाईट सीझननंतर तिशी ओलांडलेला एक शूटर घ्याच, दोन पैसे जास्त गेले तरी.