वनराज पिल्लांचे संगोपन: ब्रूडरपासून खुराड्यापर्यंतचा वापरानंतरचा अनुभव

दसऱ्यानंतर वाई तालुक्यातील आमच्या घरी वनराज जातीची पंचवीस एकदिवसीय पिल्ले आणली होती. त्यांतील तलंगा, म्हणजे तरुण माद्या, आता नियमित अंडी देऊ लागल्या आहेत. या काळात वापरलेला पत्र्याचा चिक गार्ड (पिल्लांभोवतीचे गोल कुंपण), बल्बची व्यवस्था, पाण्याची भांडी आणि परसातील तयार खुराडे यांविषयी सविस्तर लिहावेसे वाटले, कारण पिल्ले विकत घेण्यापूर्वी मला हवी असलेली बरीचशी माहिती मोठ्या शेडच्या हिशेबाने लिहिलेली आढळली.

वनराज ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातील संगोपनासाठी विकसित केलेली जात आहे. तिचे पक्षी रंगीत आणि काटक असतात व तपकिरी अंडी देतात. गावरान कोंबडी खुडूक बसते, पिल्ले काढते आणि त्यांना पंखाखाली ऊबही देते; सुधारित जातींमध्ये हा गुण फारसा उरलेला नसतो. त्यामुळे आईचे काम ब्रूडरलाच, म्हणजे पिल्लांना कृत्रिम ऊब देणाऱ्या जागेलाच, करावे लागते, आणि म्हणूनच खर्चात काटकसर करायची असेल तर ती ब्रूडरमध्ये करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दीड फूट उंचीचा पत्रा गोल वळवून केलेला चिक गार्ड मला अतिशय उपयुक्त वाटला. चौकोनी खोक्यात पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. गोलात कोपराच नसल्यामुळे हा धोका टळतो. आत भाताच्या तुसाचा दोन-तीन इंचांचा थर घालून सुरुवातीचे दिवस त्यावर वर्तमानपत्र अंथरले, कारण नवी पिल्ले खाद्य समजून तूस गिळतात. पिल्लामागे दोन वॅट या हिशेबाने साधे पिवळे बल्ब लावले. एलईडी दिवा उजेड देतो, पण ऊब देत नाही, हे दुकानदार सांगतोच असे नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर साधारण ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे आणि पुढे दर आठवड्याला ते सुमारे ३ अंशांनी कमी करत न्यावे, हा नियम योग्यच आहे. तरीही तापमापकापेक्षा पिल्लांकडे पाहून अधिक कळते. बल्बखाली दाटीवाटी करून ती सतत चिवचिवत असतील तर ऊब कमी पडते आहे. पत्र्याला चिकटून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर ऊब जास्त झाली आहे. आणि सगळीकडे विखुरलेली, काही खाणारी, काही पाय पसरून झोपलेली दिसली की व्यवस्था जमली. बल्ब साखळीला टांगलेला असल्यामुळे तो वर-खाली करणे सोपे गेले. रात्रीच्या भारनियमनासाठी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवल्या. कोळशाची शेगडी मात्र तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूमुळे बंद खोलीत कधीही ठेवू नये.

पहिल्या संध्याकाळी प्रत्येक पिल्लू हातात घेऊन गळ्याखालची अन्नपिशवी बोटाने चाचपली. ती भरलेली आणि मऊ लागली म्हणजे पिल्लाला दाणा व पाणी दोन्ही सापडले. रिकामी लागली तर त्याची चोच हलकेच पाण्यात बुडवून दाखवावी लागते, आणि कडक लागली तर ते नुसतेच खाते आहे, पाणी पीत नाही, असे समजावे. या तपासणीस फार थोडा वेळ लागतो आणि तिच्याइतकी खात्रीची दुसरी खूण मला माहीत नाही.

पाण्याच्या उपड्या भांड्यांबद्दल माझी तक्रार आहे. ती जमिनीवर ठेवली की पिल्ले त्यांत तूस उडवतात आणि भोवतालचा थर ओला होतो. ओले तूस म्हणजे रक्ती हगवणीला आमंत्रण, कारण या रोगाच्या परजीवीला वाढायला ऊब आणि ओल हवी असते. भांडे विटेवर ठेवून ते पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर आणले आणि तूस रोज खालवर केले, तेव्हा हा त्रास थांबला. लसीकरणात वेगळीच अडचण येते. राणीखेत, म्हणजे आपल्याकडची मानमोडी, हिच्यासाठी पहिल्या आठवड्यात लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून देतात. पण कुपी बहुधा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते आणि कालवल्यानंतर ती थोड्याच वेळात संपवावी लागते. त्यामुळे गल्लीतील कोंबड्या पाळणाऱ्यांनी एकाच दिवशी लसीकरण ठरवले तर खर्च विभागला जातो आणि रोगाची साखळीही तुटते.

पिल्ले बाहेर केव्हा काढावीत, याचे ठरलेले उत्तर सहा आठवडे असे आहे. माझ्या मते पिसे पाहावीत आणि पहाटेची थंडी पाहावी. आमची पिल्ले त्या वयाची झाली तेव्हा ऐन डिसेंबर होता, आणि काहींच्या पाठीवर अजून लव होती. म्हणून दिवसा उन्हात डालग्याखाली आणि रात्री आत, असा क्रम ठेवला, बल्ब टप्प्याटप्प्याने बंद केला आणि पाठ व पोट पूर्ण पिसांनी झाकल्यानंतरच मुक्काम हलवला. नंतर काही दिवस त्यांना खुराड्याबाहेर सोडले नाही. त्यामुळे हेच घर आहे हे त्यांच्या अंगवळणी पडले, आणि पुढे तिन्हीसांजेला ती आपणहून आत येऊ लागली.

तयार खुराड्याचे लाकूड चांगले होते, परंतु त्याला पातळ षटकोनी जाळी लावलेली होती. ती कोंबड्यांना आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. पक्षी हलवण्यापूर्वीच ती काढून अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे सांधे वेल्डिंगने जोडलेली मजबूत जाळी, बसवून घेतली आणि घुशींसाठी तीच जाळी कडेने फूटभर जमिनीत गाडली. विक्रेत्याने दिलेली साधी कडीही बदलून घ्यावी. बसण्याच्या दांड्या अंड्यांच्या खोक्यांपेक्षा उंच असाव्यात, नाहीतर पक्षी रात्री खोक्यांतच बसतात आणि अंडी घाण होतात.

अंड्यांवर आल्यावर वाढीच्या वयातले ग्रोअर खाद्य बंद करून अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे लेअर खाद्य सुरू केले आणि वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा चुरा ठेवला. कवचे लगेच घट्ट झाली. सध्या चिंता उन्हाची आहे. खुराड्याचा पत्रा दुपारी इतका तापतो की पक्षी पंख सैल सोडून धापा टाकतात, म्हणून छपरावर उसाच्या पाचटाचा जाड थर घालून तो दुपारी भिजवतो. तेवढ्यावर त्यांची धाप कमी होते. हे पाचट पहिल्या पावसापूर्वी उतरवावे लागेल, आणि त्याच वेळी खुराडे विटांवर उचलून घेण्याचे काम काढले आहे.