एल-९ की ११ ट्रायल? स्टीलच्या टर्निंगचं सेटिंग ठरवताना

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक भागातल्या शॉपमध्ये टर्निंगचा (फिरत्या जॉबवरून धातू कापण्याचा) स्पीड, फीड (जॉबच्या एका फेऱ्यात टूल किती सरकतं) आणि डेप्थ ऑफ कट (कापाची खोली) ठरतात ते सेटरच्या, म्हणजे मशीन लावणाऱ्याच्या हातावर. तो फीड कमी करून फिनिश बघतो, मग स्पीडला हात घालतो. जॉब ओळखीचा असेल तर हे पुरतं. पण ईएन २४ या मिश्र पोलादाचा शाफ्ट पहिल्यांदाच आलाय, इन्सर्टचा (टूलवर बसवायच्या कापणाऱ्या टिपेचा) ग्रेड नवा आहे आणि ड्रॉइंगवर आरए (पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा) १.६ मायक्रॉन मागितलाय, अशा वेळी ट्रायल आखूनच घ्याव्या लागतात. कोणता आराखडा घ्यायचा, यावर कोणी विचारलं की मी आधी विचारतो : तुम्हाला कळून काय घ्यायचंय?

एका वेळी एकच गोष्ट बदलायची ही सवय शाळेच्या प्रयोगशाळेपासूनची. ती कुठे फसते ते साध्या हिशेबात दिसतं. टर्निंगमध्ये आरएचा सैद्धांतिक अंदाज म्हणजे फीडचा वर्ग भागिले नोज रेडियसची (टिपेच्या टोकाच्या गोलाईची) ३२ पट. रेडियस ०.४ मिमी असताना फीड ०.१ वरून ०.२ केला तर आरए ०.७८ वरून ३.१ मायक्रॉनवर जातो. रेडियस ०.८ असेल तर तोच बदल ०.३९ वरून १.५६ वर नेतो. प्रत्यक्षात फिनिश याहून खराबच येतं, कारण कंपनं असतात आणि कमी स्पीडला टिपवर धातू चिकटतो. तरी मुद्दा तोच राहतो : फीड वाढवल्याने किती बिघडेल, हे रेडियसवर अवलंबून आहे. यालाच परस्परपरिणाम म्हणतात. ०.४ च्या टिपवर फीडची धास्ती बसलेला माणूस ०.८ ची टिप लावून दुप्पट फीड देऊन बघतच नाही, आणि सायकल टाइम तिथेच अडकून राहतो.

तीन घटक, प्रत्येकाचे तीन टप्पे, सगळ्या जोड्या घेतल्या तर २७ ट्रायल होतात. चित्र स्वच्छ मिळतं. पण प्रत्येक ट्रायलला इन्सर्टचा नवा कॉर्नर, म्हणजे न वापरलेला कापणारा कोपरा लागतो. सीएनएमजी प्रकारच्या इन्सर्टला चार कॉर्नर, म्हणजे सात इन्सर्ट आणि मशीनचा अख्खा दिवस. चालू ऑर्डर थांबवून हे कोणी करत नाही, करूही नये.

म्हणून सगळे जपानी अभियंते तागुची यांच्या एल-९ या तयार आराखड्याकडे वळतात. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये तर तो ठरलेलाच. नऊ ट्रायलमध्ये तीन टप्प्यांचे चार घटकही बसतात. या आराखड्यांचं नातं आपल्या देशाशीही आहे, याचा मला अभिमान वाटतो. अशा आराखड्यांचं, म्हणजे ऑर्थोगोनल अॅरेचं गणित भारतीय संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९४० च्या दशकात मांडलं आणि तागुची १९५४-५५ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत येऊन राहिले होते. पण एल-९ ची किंमत कुठे मोजावी लागते ते माहीत हवं. त्यात परस्परपरिणाम वेगळे निघत नाहीत, ते मुख्य घटकांच्या रकान्यांत मिसळतात. स्पीड आणि फीडची जोडी जोरात असेल तर ती डेप्थच्या नावावर दिसू शकते, आणि तुम्ही उगाच डेप्थ कमी करून बसाल. एक गोष्ट मात्र तागुचींच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. निकाल मोजायचं त्यांचं माप, सिग्नल-टू-नॉइज गुणोत्तर, लॉगरिदमवर चालतं आणि वर सांगितलेला फीड-रेडियसचा गुणाकार लॉगमध्ये बेरीज होऊन जातो, म्हणून त्या जातीचा परस्परपरिणाम आपोआप विरतो. बाकीच्यांची खात्री नाही.

आता माझी निवड. तीनही घटकांचे फक्त दोन-दोन टप्पे, म्हणजे आठ ट्रायल, आणि बरोबर मधल्या सेटिंगवर आणखी तीन. एकूण अकरा. एल-९ लाही तीन इन्सर्ट लागतात आणि याला अकरा कॉर्नर म्हणजे तीनच. दोन ट्रायल जास्त देऊन तीनही जोड्यांचे परस्परपरिणाम वेगवेगळे दिसतात. मधल्या तीन ट्रायल एकाच सेटिंगवर असल्याने मशीनचा स्वतःचा विखुरलेपणा कळतो आणि उत्तर सरळ रेषेत जातंय की मध्येच वळतंय तेही समजतं. वळत नसेल तर तिथेच थांबा. वळत असेल तर त्याच डेटात सहा ट्रायल घाला, सेंट्रल कम्पोझिट हा वळणही मोजणारा आराखडा तयार होतो आणि दोन टप्प्यांच्या मधलं उत्तम सेटिंग समीकरणातून काढता येतं. खर्च गरजेप्रमाणे वाढतो, हे मला सगळ्यात पटतं.

बॉक्स-बेनकेन हा आणखी एक तयार आराखडा मी एकाच परिस्थितीत सुचवेन. शाफ्ट बारीक आणि लांब असेल, किंवा मशीन जुनं असेल, तर सर्वात जास्त स्पीड, फीड आणि डेप्थ एकत्र देताच जॉब थरथरतो. बॉक्स-बेनकेनच्या पंधरा ट्रायलमध्ये असं टोकाचं एकही सेटिंग येत नाही. मात्र त्या सगळ्या घेतल्याशिवाय हाती काही लागत नाही.

टूल लाइफचं गणित वेगळं आहे. स्पीड आणि टूलचं आयुष्य जोडणाऱ्या टेलरच्या १९०७ च्या सूत्रात कार्बाइडच्या इन्सर्टसाठी घातांक साधारण ०.२५ धरला, तर स्पीड २० टक्के वाढवल्यावर आयुष्य निम्म्याहून खाली येतं. फ्लँक वेअर (टिपेच्या बाजूची झीज) ०.३ मिमी होईपर्यंत प्रत्येक ट्रायल चालवायची म्हटलं तर बारचा ढीग लागतो. इथे फीड आणि डेप्थ पक्के करून फक्त स्पीडचे तीन-चार टप्पे घ्यावेत. एकेक बदलण्याची पद्धत इथे खरोखर कामाची आहे.

आराखडा कोणताही घ्या, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाशिकच्या जानेवारीत पहिल्या शिफ्टला मशीन गार असतं. आम्ही एकदा स्पीड चढत्या क्रमाने घेतला. दुपारपर्यंत स्पिंडल तापला, व्यास सरकला आणि तो फरक आम्ही स्पीडच्या खात्यावर टाकला. दुसऱ्या दिवशी उलट्या क्रमाने घेतल्यावर निष्कर्षही उलटला. तेव्हापासून मी अर्धा तास वॉर्म-अप केल्याशिवाय पहिली ट्रायल घेत नाही, आणि सगळे इन्सर्ट एकाच लॉटचे घेतो.

निवडलेल्या सेटिंगवर शेवटी तीन जॉब काढा, पण वेगळ्या हीटच्या, म्हणजे पोलादाच्या वेगळ्या वितळणीच्या बारवर. ईएन २४ ची हार्डनेस लॉटगणिक बदलते, आणि ग्राहकाला पुढच्या महिन्यातला शाफ्टही याच फिनिशमध्ये हवा असतो.