घरचा टॉमी की दुकानातलं मशीन?

आमच्या खानापूरकडे टायर घरीच बदलायचा की बेळगावला न्यायचा, हे मी आधी गाडी बघून ठरवतो.

मोटरसायकल असेल तर घरीच. दोन टॉमी (टायर रिमवरून उचकटायच्या लोखंडी पट्ट्या), साबणाचं पाणी, रिमला ओरखडे पडू नयेत म्हणून जुन्या ट्यूबचे तुकडे. ताकद फारशी लागत नाही. समोरच्या बाजूची टायरची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात गुडघ्यानं दाबून धरली की टॉमी अलगद फिरतो. टायरवर पिवळा ठिपका असला तर तो व्हॉल्व्हजवळ आणायचा, ती टायरची हलकी बाजू. मग बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं: चाक एक्सलवर मोकळं फिरवायचं. जड बाजू खाली येऊन थांबते. बरोबर समोर, वरच्या बाजूला ५-५ ग्रॅमची वजनं चिकटवत जायची. अर्धी सकाळ जाते, पण जमतं.

कारचं तसं नाही. चाक रुंद, त्यामुळे आतल्या आणि बाहेरच्या बाजूच्या वजनातला फरक असं फिरवून कळतच नाही. तिथं मशीनच हवं. शिवाय ट्यूबलेसची कड पायपंपानं रिमवर बसवणं म्हणजे निव्वळ घाम गाळणं. मी एकदा हट्टानं केलं. जांबोटी रस्त्यावर काही जाणवलं नाही (खड्डेच इतके!), पण निपाणीच्या हायवेला ८० वर स्टिअरिंग थरथरायला लागलं. दुसऱ्या दिवशी गुमान दुकानात.