जुळ्यांचं बाळंतपण: दवाखाना बघताना आम्ही आधी पेटीची खोली बघितली

मी पैठण तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. लेकीचं पहिलं बाळंतपण, त्यामुळे ते माहेरीच होणार हे ठरलेलंच होतं. बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत जुळं निघालं. रिपोर्टवर होतं, पिशव्या दोन पण वार एकच. डॉक्टर मॅडमनी समजावलं, की वार एकच असली की कधी एका लेकराकडं रक्त जास्त जातं आणि दुसऱ्याला कमी पडतं, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करायची. तुमच्या रिपोर्टवर वारेचं काही लिहिलेलं नसेल तर तेव्हाच विचारून घ्या. चौदाव्या आठवड्याच्या आत ते नीट दिसतं, नंतर ओळखणं अवघड होत जातं.

बाळंतपण संभाजीनगरलाच करायचं हे नक्की झालं आणि आम्ही तीन दवाखाने बघितले. पहिल्या ठिकाणी आम्हाला बाळंतिणीची खोली दाखवली. एसी, सोफा, भिंतीवर ससे. मी विचारलं, "लेकरं काचेच्या पेटीत, इन्क्युबेटरमध्ये ठेवायची वेळ आली तर?" काउंटरवरची मुलगी म्हणाली, दुसऱ्या दवाखान्यात पाठवतो, आमचं त्यांच्याशी बोलणं आहे. म्हणजे पोट शिवलेली आई एकीकडं आणि दोन लेकरं दुसरीकडं. निम्म्याहून जास्त जुळी सदतीस आठवड्यांच्या आधीच येतात, मग हा प्रश्न शेवटी विचारून कसं चालेल? दुसऱ्या ठिकाणी पेट्या होत्या, पण चारच, आणि चारही भरलेल्या.

तिसरा आम्ही निवडला, तोच इथं सांगते. इमारत जुनी आहे, लिफ्ट हळू चालते. पण ऑपरेशनची खोली आणि लेकरांचा आयसीयू एकाच मजल्यावर, मधे एक दार. काचेतून मी बारा पेट्या मोजल्या. मुलांचे डॉक्टर रात्रीही तिथंच मुक्कामी असतात. रक्तपेढी आतच आहे. जुळ्यात गर्भाशय जास्त ताणलेलं असतं, बाळंतपणानंतर रक्त जास्त जायची भीती असते, म्हणून मी हे मुद्दाम विचारलं होतं.

तेहतिसाव्या आठवड्यानंतर चार दिवसांनी, रात्री दोनला पाणी गेलं. शेजारच्यांची इको गाडी काढली. ढोरकीन गेलं, बिडकीन गेलं, लेक माझा हात सोडत नव्हती. दवाखान्याला निघतानाच फोन केलेला, तर दारात व्हीलचेअर घेऊन माणूस उभा होता. लगेच सिझर केलं नाही. लेकरांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून एक इंजेक्शन दिलं, चोवीस तासांनी दुसरं, आणि सिझर त्यानंतर. दोन लेकरांसाठी दोन डॉक्टर, लेकरांना ऊब देणारे दोन वॉर्मर, दोन सिस्टर. एक किलो ८५० आणि एक किलो ६२०, दोन्ही मुली.

धाकटीच्या नाकाला दोन दिवस सीपॅपची, म्हणजे श्वासाला आधार देणाऱ्या हवेची, नळी होती. तिसऱ्या दिवशी सिस्टर मला म्हणाल्या, "आजी, हात धुऊन या, गाऊन घाला, लेकराला छातीशी घ्यायचंय." लेक थोरलीला घेऊन बसलेली, धाकटीला मी घेतलं. डोक्यावर टोपी, खाली लंगोट, बाकी उघडं अंग माझ्या छातीला लावलेलं. कान इतका पातळ, की उजेड आरपार दिसत होता. सुरुवातीला तिचा श्वास मांजराच्या पिलासारखा भरभर चाललेला. अर्ध्या तासात तो जरा शांत झाला. सत्तावीस वर्षं मी लेकरांची वजनं करते, पण एवढं लहान लेकरू कधी अंगावर घेतलं नव्हतं.

दुधाच्या बाबतीत इथल्या सिस्टरांना पूर्ण मार्क. पहिल्या दिवशी पाच मिली निघालं, तरी तेवढंही त्यांनी टाकू दिलं नाही. दर तीन तासांनी, रात्री तीनलाही, लेकीला उठवून दूध काढायला बसवायच्या. पाजायचं चोचीच्या स्टीलच्या वाटीनं, आपल्या बोंडल्यासारखीच. विहीणबाईंनी मध चाटवायचं म्हटलं, तर सिस्टरांनी त्यांना बाजूला बसवून नीट समजावलं, आवाज जरासुद्धा चढवला नाही.

तक्रार बिलाची आहे. पेटीचा दर आधी लिहून दिला होता, एका लेकराला रोज सात हजार. थोरली नऊ दिवस, धाकटी चौदा, म्हणजे तेवीस दिवसांचे १,६१,०००. त्याची तयारी होती. पण तपासण्या आणि वापरून टाकायच्या वस्तूंचे आणखी ४८,००० लागले, ते कुणी आधी बोललं नव्हतं. जुळ्यांना बिलंही दोन होतात, तेव्हा दर विचारताना "यात काय काय धरलेलं नाही" हेही लिहून घ्या. रात्री मेडिकलच्या खिडकीवर एकच माणूस, जावई पाऊण तास उभे होते. आणि नातेवाईकांना पास एकच, बाकीच्यांनी जिन्यात बसायचं.

एवढा पैसा नसेल तर कर्ज काढून खासगीतच जायला पाहिजे असं नाही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, रक्त, जेवण मोफत, आणि लेकरू एक वर्षाचं होईपर्यंत आजारी पडलं तर तेही मोफत. माझ्या अंगणवाडीतल्या बाया घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, बाळंत होऊन आल्यात. फक्त नाव आधी नोंदवा, कळा सुरू झाल्यावर धावपळ नको.

या दवाखान्याला मी पाचपैकी चार देते. सुट्टीच्या कार्डावर त्यांनी न विचारता डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहून दिली होती. दोन किलोच्या आतल्या किंवा चौतीस आठवड्यांच्या आधीच्या लेकराचा डोळ्यातला पडदा महिन्याच्या आत तपासावाच लागतो, आणि हे पुष्कळ घरी माहीत नसतं. पहिली तपासणी झाली, दोघींचे डोळे चांगले आहेत. दुसरी येत्या मंगळवारी आहे. तेव्हा बिलाची फाईल सोबत नेणार आहे, त्या ४८,००० चा तपशील अजून मिळालेला नाही.