बिल्टी लिहिणाऱ्या बाईने केलेला कोर्स: स्वयमवरचं ‘इंट्रोडक्शन टू ऑपरेशन्स रिसर्च’

नागपुरात वर्धमाननगरच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी एकवीस वर्षं बिल्टी, म्हणजे गाडीने जाणाऱ्या मालाची पावती, लिहिते. लागले तेव्हा जकात नाके होते. 2013 ला जकात जाऊन एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, 2017 ला जीएसटी, 1 एप्रिल 2018 पासून ई-वे बिल, म्हणजे माल नेताना सोबत लागणारा ऑनलाइन कागद. त्या बिलाचा पार्ट बी म्हणजे गाडीचा नंबर भरायची जागा. वाटेत गाडी बिघडून माल दुसऱ्या गाडीत टाकला की तो नंबर बदलावा लागतो. रात्री दोनला ड्रायव्हरचा फोन आला तर अंथरुणात बसून मी तो बदलून दिला आहे. दर वेळी नवं शिकले म्हणून टिकले.

गेल्या दिवाळीनंतर मात्र ऑफिसात नवं सॉफ्टवेअर बसलं. पार्टीचं ई-इनव्हॉइस आलं की बिल्टी आपोआप निघते. पाच जणांतले तिघे कमी झाले. “ताई, आता आपलं काम मशीनच करून राहिलं,” असं आमचा जुना हमाल म्हणाला आणि माझ्या पोटात गोळा आला. वय 44, मुलगी बारावीला.

घाबरून आधी एका खासगी क्लासमध्ये डेटा अ‍ॅनालिटिक्सला नाव घातलं. “शंभर टक्के प्लेसमेंट” म्हणाले होते. पहिला हप्ता 12,000 भरला. तीन आठवड्यांनी प्लेसमेंट म्हणून जे आलं ते फोनवरून कर्ज विकायचं काम. पैसे परत मिळाले नाहीत. त्याबद्दल आणखी लिहिण्यात अर्थ नाही.

मग भाच्याने स्वयम ही ऑनलाइन कोर्सची सरकारी वेबसाइट दाखवली. आयआयटीसारख्या संस्थांच्या एनपीटीईएल या उपक्रमाचे कोर्स तिथे फुकट शिकता येतात. परीक्षा द्यायची असेल तरच 1000 रुपये फी. मी आयआयटी मद्रासच्या प्रा. जी. श्रीनिवासन यांचा ऑपरेशन्स रिसर्चचा, म्हणजे आहे त्या साधनांत काम कमी खर्चात कसं बसवायचं याच्या गणिताचा, आठ आठवड्यांचा कोर्स घेतला, कारण विषयांच्या यादीत ‘ट्रान्सपोर्टेशन प्रॉब्लेम’ हे शब्द दिसले. हा तर माझा रोजचा प्रश्न, असं वाटलं.

सुरुवातीचं लिनिअर प्रोग्रॅमिंग (ठरलेल्या मर्यादांत सगळ्यात कमी खर्च काढायचं गणित) आणि सिम्प्लेक्स (ते सोडवायची रीत) जड गेलं. इंग्रजी ऐकायची सवय नाही, बारावीनंतर गणिताला हात नाही. रात्री जेवणं झाली की वही घेऊन बसायचे आणि एकेक व्हिडिओ दोन-तीनदा थांबवून ऐकायचे. मार्चमध्ये कूलर लागले, तेव्हा मुलीचे हेडफोन घेतले. सर घाई करत नाहीत. एकच उदाहरण घेऊन प्रत्येक आकडा कुठून आला ते दाखवतात, म्हणून मी तग धरला.

ट्रान्सपोर्टेशनचे धडे आले आणि मी वहीऐवजी जुनी बिल्टी उलटी करून लिहायला लागले. आमचेच दोन गोडाऊन घेतले, बुटीबोरी आणि कळमना. दोन्हीकडे एकेक गाडी माल. एक गाडी उमरेडला हवी, एक वर्ध्याला. भाडी सोपी करून सांगते: बुटीबोरी ते उमरेड 4000, बुटीबोरी ते वर्धा 5000, कळमना ते उमरेड 5000, कळमना ते वर्धा 8000. आम्ही काय करायचो? सगळ्यात स्वस्त आधी. बुटीबोरीची गाडी उमरेडला लावली, मग कळमन्याची गेली वर्ध्याला. एकूण 12,000. उलट बुटीबोरीहून वर्धा आणि कळमन्याहून उमरेड केलं तर 10,000. स्वस्त गाडी आधी लावल्यामुळे महाग गाडी गळ्यात पडते. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून मला हे कधी दिसलं नव्हतं. हा प्रश्न हिचकॉक नावाच्या गणितज्ञाने 1941 साली मांडला होता. त्या रात्री मी मुलीला उठवून तो कागद दाखवला.

दोन गाड्यांचा हिशोब तोंडीही होतो. आमच्याकडे चार गोडाऊन आणि रोजची दहा-बारा ठिकाणं. कोर्समध्ये हाताने सोडवायला शिकवतात. एक्सेलमध्ये सॉल्व्हर नावाची सोय असते, ती भाच्याने सुरू करून दिली. कोणत्या गोडाऊनला किती माल, कुठे किती हवा, भाडं किती, हे भरलं की ते उत्तर काढतं. पण गाडी चुकीची निघाली तर का चुकली हे मला आता कळतं, ते कोर्समुळे.

परीक्षा तीन तासांची, कॉम्प्युटरवर, सेंटर नागपुरातच मिळालं. असाइनमेंटला 25 गुण धरतात, आठांपैकी चांगल्या सहांचे, परीक्षेला 75. मला 19 आणि 44 पडले. साठच्या वर गेलं की सर्टिफिकेटवर ‘एलिट’ लिहून येतं, माझ्या सर्टिफिकेटवर ते आहे. मालकांना सर्टिफिकेट दाखवलं, त्यांनी बघून परत दिलं. नंतर एका आठवड्याच्या खऱ्या गाड्यांची शीट दाखवली, तेव्हा ते खुर्ची ओढून बाजूला बसले. “हे हिंगण्याच्या लोडिंगचंही करता येईल का?” त्यांनी विचारलं.

ज्यांना कोणतंच काम अजून हाताला लागलेलं नाही, त्यांना हा कोर्स कोरडा वाटेल. गोडाऊन, स्टोअर, डिस्पॅच, बस डेपो अशा ठिकाणी दहा-पंधरा वर्षं काढलेल्यांनी मात्र नक्की घ्यावा. आधी फी भरू नका. दोन आठवडे व्हिडिओ ऐका, जमतं का बघा, मगच परीक्षेचं ठरवा. असाइनमेंटची तारीख चुकवू नका. माझी एक चुकली, लग्नाला अमरावतीला गेले होते.

आता सकाळी नऊला गाड्यांची यादी माझ्याकडे येते आणि साडेनऊला कोणती गाडी कुठे, ते मी सांगते. पगार अजून तोच आहे. दसऱ्याला बोलायचं ठरलंय, आणि शीटच्या खाली वाचलेल्या भाड्याची बेरीज रोज लिहून ठेवते आहे.